दोष फ्लॅशचा नाही, जागेचा

फोटोग्राफी शिकवणाऱ्यांच्या वर्गात, कॅमेऱ्याच्या दुकानात आणि लग्नाच्या फोटोंचं ठरवायला बसलेल्या घरच्यांसमोर हल्ली एक वाक्य मोठ्या अभिमानाने म्हटलं जातं: आम्ही फ्लॅश मारत नाही, आम्ही फक्त नॅचरल लाइटमध्ये काम करतो. त्यामागची समजूत आता इतकी रुळली आहे की नवा कॅमेरा घेतलेला मुलगाही पहिल्याच आठवड्यात ती उचलतो. फ्लॅशने चेहरा पांढराफटक पडतो, मागे काळोख होतो, डोळे लाल येतात, माणसं दचकतात. शिवाय आताचे कॅमेरे अंधारातही फोटो काढतात, मग ही ब्याद हवी कशाला? यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार खरी आहे आणि त्या सगळ्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा फ्लॅश हे आजही कॅमेऱ्यासोबत घेण्याजोगं सर्वांत उपयोगी साधन आहे. ते टाळायला शिकवलं की नवशिक्या प्रकाश या विषयापासूनच लांब राहतो, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

तक्रारींचं मूळ जुन्या अल्बमांत सापडतं. १०० किंवा २०० आयएसओचा रोल, कॅमेऱ्याच्या डोक्यावर थेट समोर रोखलेला फ्लॅश आणि एफ ८ च्या आसपास कायमचं बांधून टाकलेलं ॲपर्चर, अशी फिल्मच्या दिवसांत लग्नाच्या फोटोंची सर्रास पद्धत होती. त्या फोटोंत जे खटकतं त्याची कारणं तपासावीत. प्रकाश लेन्सच्याच दिशेने येत असल्यामुळे नाक, गाल, हनुवटी यांच्या सावल्या कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी पडतात आणि चेहऱ्याचा उठाव नाहीसा होतो. कपाळावर तेवढी चकाकी उरते. मागच्या भिंतीवर कडक काठाची काळी पडछाया येते, कारण फ्लॅशचं तोंड तळहाताहूनही लहान असतं आणि प्रकाशाचा उगम जितका लहान तितकी सावलीची कड धारदार. डोळे लाल होतात, कारण लेन्सच्या अगदी जवळून निघालेला प्रकाश बाहुलीतून आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांवरून परतून सरळ लेन्समध्ये येतो. ग्रुप फोटोत पहिल्या रांगेतली मुलं जळून पांढरी आणि मागच्या रांगेतले काका-मामा काळवंडलेले दिसतात, कारण अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो: दीड मीटरवरच्या चेहऱ्याला जितका उजेड मिळतो, त्याच्या पावपट तीन मीटरवरच्याला. उगम लहान आहे, लेन्सला चिकटून आहे, समोर रोखलेला आहे, एवढंच या सगळ्या दोषांच्या मुळाशी आहे. भर दुपारच्या खिडकीतला उजेडही एका नळीत कोंडून लेन्सच्या शेजारून चेहऱ्यावर सोडला, तर तोही असाच दिसेल.

म्हणून बाहेरच्या फ्लॅशचं सर्वांत मोलाचं अंग म्हणजे त्याची वळणारी मान. कॅमेऱ्यातच बसवलेल्या छोट्या फ्लॅशला ती नसते, आणि लोक दोघांना एकाच तराजूत घालतात. फ्लॅशचं डोकं डावीकडच्या पांढऱ्या भिंतीकडे किंवा मागे-वर वळवलं की भिंतीवर मीटर-दीड मीटर रुंदीचा उजळलेला पट्टा तयार होतो. आता चेहऱ्याच्या दृष्टीने प्रकाशाचा उगम तो पट्टा आहे. तो मोठा असल्याने सावलीची कड मऊ होते, बाजूने येत असल्याने गालाला उठाव येतो. लेन्सपासून दूर असल्याने डोळे लाल होत नाहीत आणि वाटेतलं अंतर वाढल्याने पहिल्या आणि तिसऱ्या रांगेतला फरकही कमी होतो. खिडकीजवळ बसलेल्या माणसाचा फोटो आपल्याला आवडतो तो नेमक्या याच गुणांमुळे. फ्लॅशच्या प्रकाशाचा रंग साधारण ५५०० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा असतो. सेन्सरवर पडणारा प्रकाश आकाशातून खिडकीवाटे आला की झेनॉनच्या नळीतून भिंतीवाटे, हे सेन्सरला कळण्याचा काही मार्ग नाही. अर्थात असा परतवलेला प्रकाश, म्हणजे बाउन्स, मारायलाही डोळे लागतात. बरोबर डोक्यावरच्या छतावर मारला तर भुवयांखाली खड्डे पडतात, आणि लाल-पिवळ्या कापडाने मढवलेल्या मांडवाखाली वर मारला तर सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. तिथे पांढरी भिंत, एखादा पांढरा पडदा, अगदीच काही नसेल तर मदतनिसाने धरलेली थर्माकोलची शीट शोधावी लागते. ही शोधाशोध करता करताच माणूस प्रकाशाची दिशा पाहायला शिकतो.

नैसर्गिक दिसणारा प्रकाश आणि निसर्गातून आलेला प्रकाश यांत फरक आहे, हे आपल्या देशातल्या एका छायाचित्रणकाराने सत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिलं आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’मधलं बनारसचं घर कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलेलं होतं. अशा घराच्या चौकात वरून मोकळ्या आकाशाचा सौम्य, जवळजवळ सावलीविरहित उजेड उतरतो, आणि स्टुडिओचे दिवे थेट मारले तर तो भास क्षणात मोडला असता. सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि तिथून परतलेल्या उजेडात चित्रण केलं. ज्यांना बनारस माहीत होतं त्यांनाही तो चौक खरा वाटला. फ्लॅश छताकडे वळवणारा फोटोग्राफर याच युक्तीची छोटी आवृत्ती वापरत असतो. ‘नॅचरल लाइट’ हा ज्यांचा आदर्श आहे त्यांनी सुब्रत मित्र यांचं काम डोळ्यांसमोर ठेवावं. त्या कामातलं नैसर्गिकपण दिव्यांनी घडवलेलं आहे.

आता ज्या जागी हा वाद सर्वांत जास्त होतो त्या मंगल कार्यालयात जाऊ. तिथे नैसर्गिक म्हणावा असा प्रकाश असतो तरी किती? स्टेजमागे जांभळ्या-निळ्या एलईडी पार दिव्यांची रांग, छताला वेगवेगळ्या वर्षी बदललेल्या ट्यूबलाइट, कडेला पिवळी झुंबरं आणि व्हिडिओवाल्याने नवरीच्या तोंडासमोर उभा केलेला एलईडी पॅनल. वधूच्या एका गालावर जांभळी छटा, दुसऱ्यावर हिरवट आणि कपाळावर पांढरा डाग, असा तो ‘उपलब्ध’ प्रकाश. यातला एकही दिवा फोटोग्राफरने निवडलेला नाही. डेकोरेटरने, वायरमनने आणि व्हिडिओवाल्याने निवडलेले आहेत. म्हणजे इथे निवड निसर्ग की यंत्र अशी नसतेच. आपण ठरवलेला एक प्रकाश घ्यायचा की दुसऱ्यांनी दुसऱ्या कामासाठी लावलेले पाच प्रकाश निमूट स्वीकारायचे, एवढाच प्रश्न उरतो. रंगाचं नुकसान तर नंतर भरून काढताच येत नाही. स्वस्त एलईडीच्या वर्णपटात लाल भाग बऱ्याचदा तोकडा असतो. सावळ्या त्वचेचा तजेला, कुंकवाचा आणि शालूचा लाल, जरीचा सोनेरी हे सगळं त्यावरच उभं असतं. व्हाइट बॅलन्स फिरवून एकंदर छटा हलवता येते, पण जे किरण सेन्सरवर पडलेच नाहीत ते सॉफ्टवेअरला परत आणता येत नाहीत. झेनॉन नळीचा वर्णपट मात्र दिवसाच्या उजेडासारखा सलग असतो. हळदीच्या वेळी अंगावरची हळद मळकट न दिसता हळदीसारखी पिवळी यावी, असं वाटत असेल तर सलग वर्णपटाचा प्रकाश लागतो, आणि तो खिशात घालून नेण्याची सोय फ्लॅशशिवाय दुसरी नाही.

यावर सर्वांत जोरदार उत्तर येतं ते सेन्सरचं. ६४०० किंवा १२८०० आयएसओवर आजचा फुलफ्रेम कॅमेरा जो फोटो देतो तो पंधरा वर्षांपूर्वी कल्पनेतही नव्हता, मग फ्लॅश कालबाह्य नाही का? नाही, कारण आयएसओ वाढवल्याने प्रकाशाची दिशा बदलत नाही. डोळ्यांखालचे खड्डे, गालावरचा जांभळा डाग, हनुवटीखालची हिरवट सावली हे सगळं तसंच्या तसं, फक्त अधिक उजळ होऊन येतं. पण या आक्षेपाला आणखी सरळ उत्तर आहे. उच्च आयएसओ आणि फ्लॅश एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीतच; सेन्सर सुधारल्यामुळे फ्लॅशला उलट पहिल्यांदा नजाकत मिळाली. हिशेब करून पाहा. चांगल्या फ्लॅशचा गाइड नंबर ३५ मिलिमीटर झूमवर आणि १०० आयएसओला मीटरमध्ये साधारण ३६ असतो. गाइड नंबरला अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं. तीन मीटर उंचीच्या छतावरून बाउन्स मारला तर फ्लॅशपासून छत आणि छतापासून चेहरा असा सुमारे चार मीटरचा प्रवास होतो: ३६ भागिले ४, म्हणजे एफ ९. छतात शोषला आणि विखुरला जाणारा प्रकाश धरून ठोकताळ्याने आणखी दोन स्टॉप वजा करा. हाती उरतं एफ ४.५, तेही पूर्ण ताकदीने. फिल्मच्या काळातला फोटोग्राफर समोर रोखून फ्लॅश मारायचा त्याचं हे कारण होतं. बाउन्स त्याला परवडत नसे. प्रत्येक फोटोनंतर कंडेन्सर भरायची वाट पाहावी लागे आणि सेल तासाभरात बसत. आज तोच फोटो १६०० आयएसओवर काढा. चार स्टॉप मिळाले, म्हणून त्याच एफ ४.५ साठी सोळाव्या हिश्शाची ताकद पुरते. फ्लॅश लगेच पुन्हा तयार, सेल दिवसभर टिकतात आणि झगझगाटही इतका कमी की समोरच्याच्या लक्षातही येत नाही. सहा मीटर उंच छताच्या कार्यालयात हेच गणित मांडलं तर १६०० आयएसओवर एफ ४ साठी साधारण पाव ताकद लागते. म्हणजे जे पूर्वी अशक्य होतं ते आता सहज होतं. ज्या सेन्सरच्या जोरावर फ्लॅश मोडीत काढला जातो आहे, त्याच सेन्सरमुळे फ्लॅश मऊ, मंद आणि अदृश्य ठेवणं शक्य झालं आहे. ही संधी आली त्याच वेळी तो टाकून द्यायला सांगावं, हे मला फार चुकीचं वाटतं.

आयएसओने न सुटणारी दुसरी गोष्ट म्हणजे गती. मंगलाष्टकं संपत आली आहेत, अंतरपाट खाली जातो, अक्षता उडतात आणि दोघं एकमेकांकडे पाहतात. हे सगळं मिळून सेकंदभराचं काम. कार्यालयाच्या उजेडात १/१२५ शटरवर हवेतले तांदूळ रेघा होऊन येतात आणि डोळे मिटण्या-उघडण्याच्या मधला अर्धवट भाव पुसट होतो. शटर १/१००० केलं तर आयएसओ आठपट चढवावा लागतो. फ्लॅशमध्ये मात्र गती थांबवण्याचं काम शटर करत नाही, खुद्द प्रकाश करतो. आजकालच्या साध्या फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीला सेकंदाच्या काही सहस्रांशांपर्यंत रेंगाळतो, पण ताकद जसजशी कमी कराल तसतसा तो आखूड होत जातो. १/१२८ ताकदीवर उत्पादक १/२०००० सेकंदाच्या आसपासचा आकडा देतात. वर म्हटलेल्या सोळाव्या हिश्शाच्या बाउन्समध्ये अक्षतेचा एकेक दाणा हवेत थबकलेला दिसतो. अट इतकीच की कार्यालयाचा उजेड फ्लॅशपेक्षा दोनेक स्टॉप खाली राहिला पाहिजे, नाहीतर दाण्याभोवती पुसट सावट येतं. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकापासून विद्युत फ्लॅशवर काम केलं आणि दुधाच्या थेंबाचा मुकुट, सफरचंद भेदून निघालेली गोळी अशी दृश्यं डोळ्यांपुढे आणली. ते सगळं काम याच तत्त्वावर उभं आहे. कितीही संवेदनशील सेन्सर आणला तरी प्रकाशाचा असा सुरा त्याच्याकडे नसतो.

मग मागचा काळोख? ‘फ्लॅश मारला की वातावरण मरतं’ ही तक्रार मी सर्वांत गंभीर मानतो, कारण दिवाळीच्या पणत्या, गाभाऱ्यातली समई, मिरवणुकीतली रोषणाई हे सगळं त्यात खरोखर मरताना दिसतं. पण ते फ्लॅश मारत नाही, कॅमेरा मारतो. ऑटो मोडवर कॅमेरा फ्लॅश पाहिला की बहुधा आयएसओ खाली आणि शटर १/६० च्या पुढे ठेवतो. सभोवतालच्या मंद उजेडाला चित्रात उमटायला वेळच मिळत नाही. फ्लॅश वापरताना एका फोटोत दोन एक्स्पोजर असतात, हे समजलं की गुंता सुटतो. शटर किती वेळ उघडं राहतं याचा परिणाम केवळ सभोवतालच्या उजेडावर होतो, कारण फ्लॅशचा झोत शटर उघडं असतानाच संपलेला असतो. ॲपर्चर आणि आयएसओ दोन्हींवर चालतात, आणि फ्लॅशची ताकद केवळ फ्लॅशवर. म्हणजे आधी फ्लॅश बंद ठेवून पणत्यांचा उजेड हवा तसा, समजा १/३० आणि १६०० आयएसओवर, बसवायचा. मग त्यात अगदी थोडा फ्लॅश मिसळायचा, तोही नारंगी जेल लावून, म्हणजे त्याचा रंग ज्योतीच्या रंगाला मिळता येतो. पणत्या जिवंत राहतात आणि रांगोळी काढणारीचा चेहराही काळोखात बुडत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत हेच तत्त्व उलट्या टोकाने चालतं: १/१५ शटर, फ्लॅश दुसऱ्या पडद्याला लावलेला, म्हणजे तो शटर मिटण्याच्या अगदी आधी पेटतो. लेझीम खेळणाऱ्याच्या हालचालीची रेघ त्याच्या मागे राहते आणि माणूस पुढे स्पष्ट उमटतो. मात्र गुलाल उधळलेला असेल तर कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने लेन्ससमोरचे कण पांढरे गोळे होऊन येतात. तिथे फ्लॅश हात लांब करून बाजूला धरावा.

भर उन्हाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे विरोधकही फारसे हट्टाला पेटत नाहीत. कोकणातल्या किनाऱ्यावर दुपारी बाराला डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात, कारण सूर्य बरोबर माथ्यावर असतो. १०० आयएसओ, १/२५० आणि एफ ११ वर, दोन मीटरवरच्या माणसाला आठव्या हिश्शाचा फ्लॅश पुरतो. खड्डे भरतात आणि आकाश निळं राहतं. १/२५० च का, याचंही उत्तर यंत्रात आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात, आणि साधारण १/२०० ते १/२५० च्या वर गेलं की पूर्ण सेन्सर एका क्षणी उघडा नसतो. मधून सरकणारी फट असते, म्हणून फोटोला काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंक त्यावर तोडगा काढतो, पण दोनेक स्टॉपची ताकद खातो. २०२३ मध्ये सोनीने जाहीर केलेल्या ए९ थ्रीचा ग्लोबल शटर ही मर्यादाच काढून टाकतो. फ्लॅशचं युग संपलं असतं तर कॅमेरा बनवणाऱ्यांनी ही खटपट केली नसती.

राहिला नीतीचा मुद्दा, आणि तो हलका नाही. आन्री कार्तिए-ब्रेसाँ फ्लॅशला जागेच्या मूळ उजेडाचा अवमान मानत, समोरच्याशी केलेला उद्धटपणा मानत. हा आक्षेप अनेकांच्या तोंडी त्यांच्या नावाने येतो. त्यांच्या पद्धतीच्या कामाला, रस्त्यावर न दिसता वावरण्याला, तो नियम योग्यच होता. पण त्यांच्या स्वतःच्या कामाचा नियम सगळ्यांच्या कामाचा नियम होत नाही. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या खिडक्या नसलेल्या खोल्यांत माणसं कशी दाटीवाटीने झोपतात हे जेकब रीसने १८९० च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, ते मॅग्नेशियमच्या फ्लॅशच्या भुकटीमुळे. १८८७ मध्ये ती भुकटी जर्मनीत तयार झाली नसती तर त्या खोल्या छायाचित्रात येणंच शक्य नव्हतं. तो लोकांच्या झोपेत घुसला, हे खरं आहे आणि ते खटकावंही. तरीही अंधारात राहणाऱ्यांचा फोटो फक्त उजेड असेल तेव्हाच काढावा, असा दंडक केला तर अंधार तसाच राहतो. जिथे फ्लॅश चुकीचाच आहे अशा जागा मला मान्य आहेत. नाटकाच्या प्रयोगात फ्लॅश मारणं हा प्रकाशयोजनाकाराच्या कामावर बोळा फिरवण्याचा प्रकार आहे, प्रेक्षक आणि नटांचा रसभंग तर वेगळाच. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती निमूट पाळावी. पक्ष्यांच्या घरट्याशी तो नेऊच नये. पण या मर्यादा जागेच्या आणि शिष्टाचाराच्या आहेत. त्यावरून साधनच वाईट ठरत नाही.

‘मग एलईडी लाइट घ्या, निदान जे दिसतं ते मिळतं’ हा सल्ला आता दुकानदारही देतात. व्हिडिओसाठी तो बरोबर आहे. फोटोसाठी नाही, आणि कारण शुद्ध अंकगणिताचं आहे. हातात मावणाऱ्या फ्लॅशमध्ये साधारण ६० ते ७५ वॉट-सेकंद ऊर्जा साठते आणि ती एका क्षणात रिकामी होते. ६० वॉटचा एलईडी १/१२५ सेकंदाच्या शटरमध्ये अर्धा वॉट-सेकंदही देत नाही. म्हणजे शंभरपटीहून अधिक फरक. एलईडी विजेचं प्रकाशात रूपांतर अधिक चांगलं करतो, हे धरून हा फरक बराच खाली आणला तरी दसपटींतच उरतो. उन्हाशी सामना असो की मऊ प्रकाशासाठी छत्रीतून जाणं असो, ही ऊर्जा लागतेच. शिवाय सतत पेटलेला एलईडी डोळ्यांवर तासभर राहतो. फ्लॅशचा त्रास क्षणाचा. फोनमधल्या सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर रात्रीचे मोड अनेक फ्रेम एकावर एक रचतात आणि हलणाऱ्या माणसाशी अडखळतात. नंतर चेहऱ्यावर प्रकाश ‘टाकणारी’ सॉफ्टवेअरं गालाच्या कडेला सावली कशी पडली असती याचा अंदाज बांधतात. आजीच्या नथीची चेहऱ्यावरची बारीक सावली अंदाजाने येऊ नये, ती खरोखर पडलेली असावी, असं मला वाटतं.

विकत घेताना लोक नेमक्या चुकीच्या गोष्टीकडे पाहतात, आणि फ्लॅशची बदनामी तिथूनही वाढते. खोक्यावर गाइड नंबर ६० लिहिलेला असतो. तो २०० मिलिमीटर झूमवरचा, म्हणजे झोत अगदी अरुंद केल्यावरचा आकडा. रोजच्या कामातल्या ३५ मिलिमीटरला तोच फ्लॅश ३६ च्या आसपास भरतो. दोन फ्लॅश तोलायचे तर झूम आणि आयएसओ सारखे धरून तोलावेत, आणि गाइड नंबर दुप्पट म्हणजे ताकद चौपट हे लक्षात ठेवावं. पण ताकदीच्याही आधी मान पाहावी. काही स्वस्त फ्लॅश फक्त वर-खाली होतात, बाजूला वळत नाहीत. कॅमेरा उभा धरला की असा फ्लॅश छत सोडून भलत्याच भिंतीकडे तोंड करतो आणि अर्ध्याहून अधिक उपयोग तिथेच संपतो. डावी-उजवीकडे पूर्ण फिरणारं डोकं ही माझ्या मते एकमेव अशी अट आहे जिच्यात तडजोड करू नये. त्याखालोखाल हाताने १/१ पासून १/१२८ पर्यंत ताकद कमी-जास्त करता येणं, आणि आत बसवलेला रेडिओ, म्हणजे उद्या फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर नेता येईल. टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने लेन्समधून मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं, सोयीचं आहे, धावपळीत उपयोगी आहे, पण ते फ्लॅशचा मोजलेला उजेड करड्या सरासरीकडे ओढतं. पांढऱ्या धोतरातले आजोबा काळवंडतात आणि काळ्या शेरवानीतला नवरदेव फिका पडतो. तिथे फ्लॅश कॉम्पेन्सेशन हाताने द्यावंच लागतं. प्लास्टिकच्या टोपीवजा डिफ्यूझरने घराबाहेर प्रकाश मऊ होत नाही, कारण उगम तेवढाच लहान राहतो आणि ताकद चहूकडे सांडते; ते पैसे साध्या छत्रीत घालावेत.

‘हे सगळं फार किचकट आणि महाग आहे’ या शेवटच्या तक्रारीतही तथ्य थोडंच आहे. केवळ मॅन्युअल चालणारा, मान फिरणारा, रेडिओ असलेला फ्लॅश, त्याचा ट्रिगर, एक स्टँड आणि मीटरभराची पांढरी छत्री हे सगळं मिळून चांगल्या एफ १.४ लेन्सच्या किमतीचा लहानसा हिस्सा होतं. मात्र तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांच्या हॉट शूला मधली पिन नाही. त्यावर एकाच पिनवर चालणारा साधा मॅन्युअल फ्लॅश किंवा ट्रिगर पेटतच नाही, तिथे कॅननसाठीचाच टीटीएल फ्लॅश किंवा ट्रिगर लागतो. घरातल्या कपाटात पडलेला फिल्मच्या काळातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याआधी त्याचं ट्रिगर व्होल्टेज मोजून घ्यावं. काही जुन्या फ्लॅशच्या पायात दोनशे व्होल्टहून अधिक निघतात आणि त्याने कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. आणि फ्लॅश डबल-ए सेलवर चालणारा असेल तर अल्कलाइन सेल न घालता निकेल-मेटल हायड्राइडचे चार्जिंगचे सेल घालावेत, कारण त्यांचा आतला रोध कमी असतो आणि कंडेन्सर लवकर भरतो. सप्तपदीच्या सात पावलांत फ्लॅश पेटायचा चुकतो तो बहुतेक वेळा अल्कलाइन सेलमुळे.